डावा चालू आहे

गेस्केबाई दुकानात आल्या तेव्हा
सायकल एकाच हाताने धरली होती.
दुसरा, डावा, कोटाच्या खिशात,
परक्या घरी आलेल्या पाहुण्यासारखा गप्प.

"खांदा गेला," म्हणाल्या.
"फडताळापर्यंत पोचत नाही, केसांपर्यंत नाही,
आणि रस्त्यात तर..."
हात काढून दाखवला.
कोपरापर्यंत वर आला, तिथेच थांबला,
बोट येताना ग्रोनिंगनचा एखादा पूल
अर्ध्यावर अडकावा
आणि दोन्ही काठांवर माणसं
घड्याळ बघत ताटकळावीत, तसा.

तीस वर्षं टपाल वाटलेली बाई.
गल्लीन् गल्लीचं वळण अंगवळणी पडलेलं.
आणि या गावात हात न दाखवता वळणारा म्हणजे
एक तर नवा विद्यार्थी,
नाही तर नुकताच प्रेमात पडलेला.

मी दिवे बसवून दिले.
पुढे दोन, मागे दोन,
चिंचोक्याएवढे, नारिंगी.
बटण अंगठ्याखाली, वीज ई-बाइकच्याच बॅटरीची.
फ्रेममधून वायर ओवताना दोनदा तुटली,
मी एक शिवी दिली.
बाईंनी ती ऐकली आणि सुधारली:
आमच्या टपाल खात्यात याहून चांगली होती.

"मोटारीसारखा आपोआप बंद होत नाही हं," मी बजावलं.
"वळून झालं की पुन्हा दाबायचं.
म्हणून टिकटिक ठेवलीय. ऐकू येतं ना?"
"ऐकायचं ते येतं."

आठवड्याने परत आल्या.
बिघाड? नाही.
दिवा लागतो, टिकटिक होते, लोक थांबतात,
परवा तर बसवालासुद्धा थांबला,
टोपी काढल्यासारखा.
मग?
स्टुलावर बसल्या.
बाहेर वारा सायकलींची रांग आडवी करत होता,
एकेक, सावकाश.

"वुब्बो कायम माझ्या मागे असायचा.
पुढे गेला की चुकायचा.
डावीकडे वळायचं झालं की मी हात पसरायची,
आणि तो पुढे सरकून
तळव्यावर एक बोट टेकवायचा.
पेटीत पत्र पडावं, तेवढंच.
मी वळून बघायची नाही.
तो गेल्यावरही, हात पसरला
की तळवा जरा वेळ वाट बघायचा.
आता दिव्याला कोण बोट लावणार?"

मी काय बोलणार.
माझ्याकडे साखळ्या असतात, ट्यूब असतात,
ब्रेकचे रबर असतात सगळ्या मापांचे.
कॉफी केली. साखर मागितली, मग नको म्हणाल्या.
टिकटिक जरा हळू करून दिली.
पैसे घेतले नाहीत;
त्या पंपाखाली ठेवून गेल्या.

काल संध्याकाळी कालव्याच्या कडेने घरी जात होतो,
पुढे त्याच.
पाठ ताठ, टोपी कानावर,
आणि डावा दिवा उघडझाप, उघडझाप.
पहिलं डावं वळण आलं. गेलं.
दुसरं गेलं.
समोरून येणारी पोरं थबकली, वाट दिली,
बाई सरळच.
मागे आम्ही पाच-सहा जण,
कुणी पुढे काढेना.
इतक्या ठामपणे सांगितलेली गोष्ट
खोटी कशी मानायची?

मी जोर लावून जवळ गेलो.
"डावा चालू आहे!"
अर्धं वाऱ्याने नेलं.
त्यांनी मागे पाहिलं नाही.
डावा हात हँडलवरून सुटला,
कोपरापर्यंत वर आला, तिथेच थांबला,
तळवा उघडा.

माझी बोटं ग्रीसने काळी होती.
पुसावीत का, कशाला पुसावीत,
असं चाललं होतं मनात,
तेवढ्यात पुढच्या पुलाची घंटा झाली,
रस्ता उभा राहिला समोर,
आणि आम्ही सगळे एकेक पाय टेकून थांबलो.
बोट फार हळू गेली.
मधल्या वेळात कुणी बोललं नाही,
टिकटिक तेवढी होत होती.